वाचकांचे प्रश्न : लोकसंख्येच्या आकड्यांतले स्थलांतर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिले पत्र एका विद्यार्थिनीचे आहे. ते लांब असले तरी त्यातील शंका एकमेकींत गुंतलेल्या असल्याने फारशी काटछाट न करता छापले आहे, आणि साहजिकच त्याचे उत्तरही लांबले आहे.

प्रश्न : बारावी कला शाखेत भूगोल हा माझा आवडीचा विषय आहे. यंदा लोकसंख्येचे प्रकरण सुरू झाले तेव्हा सरांनी आम्हांला आपापल्या वाडीतील घरांची यादी करून आणायला सांगितली : कोणते घर बारमाही उघडे असते, कोणते फक्त गणपतीत आणि शिमग्यात उघडते, आणि कोणत्या घराचे कुलूप अलीकडे कोणी काढलेलेच नाही. ती यादी हातात घेऊन धडा वाचल्यावर व्याख्या चांगल्या समजल्या, पण शंकाही वाढल्या. २००१ ते २०११ या काळात आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या घटली. वर्गात काही जण म्हणाले की जन्म कमी झाले म्हणून घटली, तर काही जण म्हणाले की माणसे मुंबईला गेली म्हणून. यातले खरे काय, हे आकड्यांवरून ठरवता येते का? आमच्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. त्यावर एक वर्गमित्र म्हणाला की आपल्याकडे मुलींना मान आहे, म्हणून हा आकडा मोठा आहे. सर नुसते हसले आणि ‘विचार करा’ म्हणाले. माझी आई लग्न होऊन लांजा तालुक्यातून इकडे आली. धड्यातील व्याख्येप्रमाणे तू स्थलांतरित आहेस, असे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘मी काय पोट भरायला आले का इथे?’ माझे मोठे काका आधी लालबागला राहत होते, आता डोंबिवलीला राहतात. त्यांचे नाव गावच्या घराच्या उताऱ्यावर आहे आणि ते स्वतःला गावचेच समजतात. मग ते मोजले जातात कुठे? शेवटची शंका अशी, की आमच्याकडच्या आंबा बागांमध्ये राखणीला नेपाळची माणसे असतात, कुटुंबासह राहतात. आमचा जिल्हा तर बाहेर जाणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो. मग या लोकांना कोणत्या बाणात दाखवायचे?
— इयत्ता बारावीची विद्यार्थिनी, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी

उत्तर : कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या चारच कारणांनी बदलते : जन्म, मृत्यू, बाहेरून येणे आणि बाहेर जाणे. तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर याच चार गोष्टींच्या बेरीज-वजाबाकीत आहे. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११मध्ये १६,१५,०६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसे, अर्थात ४.८२ टक्के, कमी झाली. शेजारच्या सिंधुदुर्गातही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ अशी २.२१ टक्क्यांची घट झाली. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या मात्र १५.९९ टक्क्यांनी वाढून ११.२४ कोटींवर गेली. आता जन्म कमी झाल्याचा तर्क तपासून पाहू. जन्मदर खाली आला हे खरेच आहे. परंतु मृत्यूंपेक्षा जन्म अधिक आहेत तोवर जन्मदर घटल्याने लोकसंख्या वाढण्याचा वेग मंदावतो, लोकसंख्या घटत नाही. त्या दशकात रत्नागिरीत मृत्यूंपेक्षा जन्म अधिकच होते. त्यामुळे झालेली घट ही सर्वस्वी बाहेर जाण्याची आहे, आणि आलेल्यांना वजा जाता बाहेर गेलेल्यांची संख्या ८१,७०८ पेक्षा जास्त असली पाहिजे, कारण नैसर्गिक वाढीतून जी भर पडली असती तीही या जाण्याने गिळून टाकली. जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून अपेक्षित लोकसंख्या काढायची, ती प्रत्यक्ष मोजलेल्या लोकसंख्येशी ताडून पाहायची आणि जो फरक उरेल त्याला निव्वळ स्थलांतर म्हणायचे, ही लोकसंख्याशास्त्रातली रुळलेली रीत आहे.

तरीही जन्म कमी झाल्याचे सांगणारे तुमचे वर्गमित्र अगदीच चुकले आहेत, असे मी म्हणणार नाही. रत्नागिरीतून माणसे मुंबईला जाणे हे काही २००१ नंतरचे नाही, ते शतकाहून अधिक जुने आहे. पूर्वी घरटी मुले अधिक असल्यामुळे गेलेल्यांची जागा भरून निघत असे, आणि माणसे जात असूनही जिल्ह्याचा आकडा वाढत राही. जन्मदर खाली आला तेव्हा ती भरपाई थांबली आणि पूर्वीपासून चालू असलेले जाणे प्रथमच आकड्यात उघडे पडले. शिवाय जाणारी माणसे बहुतेक तरुण असतात. त्यांची लग्ने झाली तरी मुले डोंबिवलीत, विरारला किंवा नालासोपाऱ्यात जन्माला येतात आणि त्या जन्मांची नोंद तिकडच्या नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत होते. जिल्ह्यात जन्म कमी होण्याचे एक कारण स्थलांतर हेच आहे. म्हणून ही दोन उत्तरे परस्परविरोधी मानू नका.

तुमच्या दुसऱ्या शंकेत सर हसले ते योग्यच होते. ११२२ हा आकडा २०११च्या जनगणनेचा आहे आणि त्या वेळी राज्याचे लिंग गुणोत्तर ९२९ होते. मुलींना मान आहे म्हणून हा फरक पडला असेल, तर तो लहान मुलांच्या गटात सर्वांत ठळक दिसायला हवा. परंतु शून्य ते सहा वर्षे वयोगटाचे गुणोत्तर पाहिले तर रत्नागिरीतही ते हजाराच्या खालीच आहे. म्हणजे बालवयात मुलगे अधिक आहेत आणि एकूण लोकसंख्येत मात्र स्त्रिया अधिक आहेत. मधल्या वयातले पुरुष कुठे गेले, याचे उत्तर याच दशकाच्या मुंबईच्या आकड्यांत मिळते. तिथे मुंबई शहर जिल्ह्याचे गुणोत्तर ८३२ आणि उपनगर जिल्ह्याचे ८६० होते. हे तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहून पाहा. रत्नागिरीचे जास्त आणि मुंबईचे कमी ही एकाच व्यवहाराची, जमा आणि खर्च अशी, दोन पाने आहेत. अर्थात मुंबईतील पुरुषांच्या आधिक्यात कोकणाबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार आणि इतर अनेक प्रदेशांचा वाटा आहे. तुमच्या जिल्ह्याचा लोकसंख्या मनोरा, म्हणजे वयोगटांनुसार स्त्री-पुरुषांची संख्या दाखवणारा आलेख, काढलात तर वीस ते चाळीस वयोगटात पुरुषांची बाजू आत गेलेली दिसेल, आणि वरच्या टोकाला, साठीच्या पुढच्या वयोगटात, मनोरा अपेक्षेपेक्षा रुंद असेल. निवृत्तीनंतर गावी परतणारे चाकरमानी त्या रुंदीत असतात.

आता तुमच्या आईंचे उत्तर. त्यांचे म्हणणे लोकव्यवहाराला धरून आहे, पण जनगणना त्यांना स्थलांतरितच मानते, आणि त्या अल्पसंख्य मुळीच नाहीत. जन्मस्थान आणि शेवटचे वास्तव्यस्थान अशा दोन कसोट्यांवर आपली जनगणना स्थलांतर मोजते. शेवटच्या वास्तव्याचा प्रश्न १९७१पासून आणि कारणाचा प्रश्न १९८१पासून विचारला जातो. २०११मध्ये शेवटच्या वास्तव्याच्या कसोटीवर देशात सुमारे ४५.६ कोटी स्थलांतरित होते. त्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांचे कारण ‘विवाह’ असे नोंदले आहे, आणि काम किंवा नोकरी हे कारण जेमतेम दहा टक्क्यांचे आहे. भारतातील सर्वांत मोठे स्थलांतर कारखान्यांकडे जाणाऱ्यांचे नसून सासरी जाणाऱ्या मुलींचे आहे, हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापायला हवे असे मला नेहमी वाटते. अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेतील जन्मस्थानाच्या नोंदी चाळून स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसे थोडेच अंतर जातात आणि थोड्या अंतराच्या स्थलांतरात स्त्रियांचे प्रमाण अधिक असते, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. (हे गृहस्थ स्वतः जर्मनीत जन्मून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले होते.) लांज्याहून संगमेश्वरला येणे हे या नियमाचे सरळ उदाहरण आहे.

परंतु ‘विवाह’ या नोंदीविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जनगणनेच्या तक्त्यात प्रत्येकाचे एकच कारण जाते. लग्न होऊन मुंबईला गेलेली स्त्री तिथे आयुष्यभर राबली तरी तक्त्यात ती ‘विवाह’ याच रकान्यात राहते. गिरणगावातील खानावळी आठवून पाहा. गावी कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि जेवत शेजारच्या खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक बायका गिरणी कामगारांच्या पत्नी होत्या आणि एकाच खोलीत संसार सांभाळून त्या कित्येकांचे डबे करत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना संघटित केले, तेव्हा त्यांचे काम हे काम म्हणून लोकांना दिसू लागले. तोवर नोंदींमध्ये त्या केवळ नवऱ्यामागून आलेल्या होत्या. तेव्हा ‘पोट भरायला’ आणि ‘लग्नामुळे’ या दोन कारणांमधली रेघ तुमच्या आईंना वाटते तितकी पक्की नाही. इकडे आल्यावर भात लावणीला, काजू फोडायला किंवा अंगणवाडीत कोण जाते, हेही त्यांना विचारून पाहा.

तुमच्या काकांची मोजणी डोंबिवलीतच होते. घराचा उतारा, शिधापत्रिका, मतदार यादी यांपैकी कशाचाही जनगणनेशी संबंध नाही. मोजणीच्या काळात माणूस नेहमी कुठे राहतो, एवढेच पाहिले जाते. जन्मस्थानाच्या रकान्यात रत्नागिरी जिल्हा आणि शेवटच्या वास्तव्याच्या रकान्यात मुंबई अशी त्यांची नोंद होईल, म्हणजे एकाच माणसाच्या दोन स्थलांतरांपैकी प्रत्येक कसोटी एकेकच पकडते. त्यांचे लालबागहून डोंबिवलीला जाणे हेही भूगोलाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण २००१ ते २०११ या काळात केवळ रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच घटले नाहीत, तर मुंबई शहर जिल्हाही ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर, म्हणजे ७.५७ टक्क्यांनी खाली आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कार्यालये आणि मनोरे उभे राहिले, आणि चाळीतली खोली विकून किंवा सोडून माणसे उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकली. याच दशकात तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून १,१०,६०,१४८ झाला. मुंबईला गेलो असे म्हणणारा कोकणी माणूस आकड्यांत बहुधा ठाण्यात सापडतो. तुमच्या चुलत भावंडांचा जन्म डोंबिवलीचा असेल आणि ती तिथेच राहत असतील, तर जनगणनेच्या लेखी ती स्थलांतरित नाहीतच, मग ती कितीही अभिमानाने ‘आमचे गाव संगमेश्वर’ असे सांगोत.

रॅव्हनस्टाइन यांचा आणखी एक नियम असा, की माणसे टप्प्याटप्प्याने जातात : खेड्यातून जवळच्या गावात, तिथून मोठ्या शहरात. कोकणात हे तितकेसे घडले नाही. वाटेत पोट भरेल असे मोठे शहर नव्हते, आणि समुद्रमार्गे बोटीने मुंबई थेट गाठता येत होती. पुढे एस.टी. आली आणि १९९८मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. माणूस वाडीतून निघे तो वाडीतल्याच कोणाच्या तरी मुंबईच्या खोलीवर उतरे आणि त्याच माणसाच्या ओळखीने गिरणीत बदलीवर लागे. आधी गेलेल्याने नंतर येणाऱ्याला हात द्यायचा, या साखळीमुळे एका वाडीची माणसे एकाच चाळीत आणि एकाच खात्यात सापडत. स्थलांतराची ढकलणारी कारणे आणि ओढणारी कारणे तुम्ही शिकला असालच, आणि एव्हरेट ली यांनी १९६६मध्ये त्यांच्यात मधल्या अडथळ्यांची आणि व्यक्तिगत कारणांची भर घातली. कोकणाच्या बाबतीत या ओळखीच्या साखळीने मधले अडथळे जवळजवळ पुसून टाकले होते.

नेपाळी राखणदारांविषयी तुम्हांला पडलेला प्रश्न मला सर्वांत आवडला. नकाशावर जो बाण काढतात तो निव्वळ फरकाचा असतो. ज्या जिल्ह्यातून पुष्कळ माणसे जातात त्या जिल्ह्यात कोणी येतच नाही, असे तो बाण सांगत नाही. उलट, तरुण हात निघून गेल्यामुळेच बागेची राखण, फवारणी, आंबा उतरवणे आणि मच्छीमार नौकांवरील खलाशाचे काम यांसाठी बाहेरून माणसे आणावी लागतात. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५०च्या करारामुळे त्यांना इकडे येण्यासाठी व्हिसा लागत नाही. ही माणसे साधारण पावसाळा संपल्यावर येतात आणि आंब्याचा हंगाम आटोपला की त्यांतील बरीच परत जातात. जाणे आणि येणे ही दोन वेगळी प्रकरणे नसून पहिल्यातून दुसरे निघाले आहे. म्हणून तुमच्या नकाशात दोन बाण काढा, जाड बाहेर जाणारा आणि बारीक आत येणारा.

वाडीची यादी प्रकल्पासाठी पुढे न्यायची असेल, तर प्रत्येक घरापुढे आणखी तीन रकाने आखा : पहिला माणूस घराबाहेर साधारण कोणत्या साली गेला, तो कोणाच्या ओळखीने गेला, आणि आज त्या घरच्यांची मुले कुठे जन्मली. वाडीचे मुंबईतील ग्रामस्थ मंडळ असेल तर त्यांच्या वर्गणीच्या पावत्यांवरून कोण कोणत्या उपनगरात राहते हे कळेल. ती माहिती जनगणनेच्या कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका शाळेत भूगोल शिकवतो. हंगामी स्थलांतराची व्याख्या सांगून होते न होते तोच वर्गातली मुले प्रत्यक्ष हंगामी स्थलांतराला निघालेली असतात. दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे होतात. या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची गणना नेमकी कुठे होते, आणि हा विषय वर्गात कसा मांडावा?
— एक शिक्षक, जिल्हा बीड

उत्तर : आपण विचारलेला पहिला प्रश्न जनगणनेच्या वेळापत्रकाशी जोडलेला आहे. २०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि १ मार्चचा प्रारंभक्षण हा तिचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरली जाते तो क्षण, होता. आपली मुले ज्या ऊसतोडीला जातात तिच्या दृष्टीने फेब्रुवारी म्हणजे गाळप हंगामाचा भर. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन टोळी निघते ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, परत येत नाही. जो माणूस गणनेच्या संपूर्ण काळात घरी नसतो आणि तोवर परतणारही नसतो, त्याला गावच्या घरात मोजायचे नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचे, असा नियम आहे. म्हणजे पाटोदा किंवा शिरूर कासारचे जोडपे सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा कर्नाटकातील एखाद्या फडावर मोजले जाते, अर्थात गणक उसाच्या फडाशेजारच्या कोपींपर्यंत, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांपर्यंत, पोहोचला तर. मोजले गेले तरी त्यांची नोंद ‘वर्षभरापेक्षा कमी काळ वास्तव्य’ अशा गटात होते, आणि दर वर्षी जाऊन येणारी माणसे व कायमची आलेली माणसे यांतला फरक त्यावरून कळत नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ च्या फेरीत अल्पकालीन स्थलांतर वेगळे मोजले होते. मागील ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेली व्यक्ती, अशी तिची व्याख्या होती. हंगाम लांबला आणि जोडपे सहा महिन्यांहून अधिक काळ फडावर राहिले, तर ते याही व्याख्येतून निसटते. धोरण आखणारे अनेकदा ऊसतोड कामगारांचे वेगवेगळे अंदाज सांगतात, त्यामागे मोजणीतल्या या फटी आहेत.

येत्या जनगणनेत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसेल. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळासाठी जाहीर झाला आहे. त्या महिन्यांत ऊसतोड कुटुंबे गावीच असतात आणि घरयादीत त्यांचे घर, चूल, पाण्याची सोय अशी सगळी माहिती येऊ शकेल. प्रत्यक्ष माणसांची मोजणी मात्र फेब्रुवारी २०२७मध्ये आहे आणि संदर्भक्षण १ मार्च २०२७ आहे. म्हणजे घर मोजले जाईल गावात आणि माणसे मोजली जातील फडावर. आपल्या विद्यार्थ्यांना हे आताच सांगून ठेवले तर घरी आलेल्या गणकाला कोण कुठे गेले आहे हे ती नीट सांगू शकतील.

वर्गात हा विषय मांडण्यासाठी आपल्या हाताशी एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे शाळेचे हजेरीपत्रक. मुलांची नावे न घेता जूनपासून एप्रिलपर्यंतची महिनावार सरासरी उपस्थिती फळ्यावर मांडली, की हंगामी स्थलांतराचा आलेख तयार होतो. त्याखाली त्या त्या वर्षीचा पाऊस आणि कारखाना सुरू झाल्याची व बंद झाल्याची तारीख लिहावी. ढकलणारे कारण आणि ओढणारे कारण मुलांना एकाच चित्रात दिसेल. शब्दही त्यांचेच वापरावेत. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. यावरून स्त्रीच्या श्रमाची मोजणी, मजुरीचा हिशेब आणि लहान वयात होणारी लग्ने अशा तीन विषयांवर चर्चा सुरू करता येईल. शेवटचा विषय नाजूक आहे, तरी टाळू नये, कारण वर्गातल्या मुलींना तो पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असतो. आजी-आजोबांपाशी राहणारी मुले आणि हंगामी वसतिगृहात राहणारी मुले मागे थांबतात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी तरी लागते म्हणून फडावर नेली जाणारी मुले बहुधा मोठ्या मुलीच असतात. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसता येते, हे आपणांस ठाऊक असेलच. ते कार्ड तिकडच्या शाळेत खरोखर दाखवले गेले की नाही, हे परत आलेल्या मुलांना विचारले पाहिजे.

प्रश्न : लोकसंख्येच्या धड्यात महाराष्ट्रात येणाऱ्यांचीच चर्चा असते. आमच्या खानापूर-आटपाडी भागातून पिढ्यानपिढ्या माणसे गलाई व्यवसायासाठी देशभर गेली आहेत. महाराष्ट्राबाहेर किती मराठी माणसे आहेत हे जनगणनेवरून कळते का?
— एक वाचक, विटा

उत्तर : तक्रार रास्त आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यातून निघालेली ही माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे न वळता केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगाल, दिल्ली अशा दूरच्या बाजारपेठांत सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात स्थिरावली. नात्यातला पोरगा दुकानात ठेवायचा, भट्टी, मूस आणि तेजाबाचे काम त्याला शिकवायचे आणि दोन-चार वर्षांनी दुसऱ्या गावी त्याचे वेगळे दुकान थाटून द्यायचे, ही त्यांची रीत. वर कोकणाच्या बाबतीत जी साखळी सांगितली तीच इथेही आहे. फरक एवढाच, की तिथे एकाच शहरात माणसे जमत गेली आणि इथे ती विखुरली, कारण एका बाजारपेठेत गलाईची फार दुकाने चालत नाहीत.

तुमच्या प्रश्नाला भाषेच्या तक्त्यावरून उत्तर देण्याचा मोह होतो. २०११मध्ये मराठी ही मातृभाषा सांगणारे देशात सुमारे ८.३ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे ७.७५ कोटी होते, म्हणजे सुमारे ५५ लाख राज्याबाहेर होते. पण हा आकडा स्थलांतरितांचा म्हणून वापरू नये. बेळगाव भागातील मराठी कुटुंबे कुठून आलेली नाहीत, ती होती तिथेच राहिली आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेत त्यांचे राज्य बदलले. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर येथील घराणी मराठेशाहीपासूनची आहेत आणि तंजावरची त्याहून जुनी, सतराव्या शतकापासूनची. या सर्वांचे जन्मस्थान तेच राज्य असल्यामुळे जनगणना त्यांना परराज्यातून आलेले समजत नाही. उलट, केरळात गलाईच्या दुकानावर जन्मलेला तुमच्या भागातला मुलगाही स्थलांतरितांत धरला जात नाही.

त्यामुळे पाहायचे असतील तर जनगणनेचे ‘डी’ मालिकेतील तक्ते पाहावेत. त्यांत जन्मस्थान, शेवटचे वास्तव्य आणि कारण यांची राज्यवार माहिती असते. केरळच्या तक्त्यात महाराष्ट्रात जन्मलेले किती हे सापडेल, मात्र त्यातले खानापूर तालुक्याचे किती हे सापडणार नाही. तेवढ्यासाठी गलाई व्यावसायिकांच्या ठिकठिकाणच्या संघटनांकडील सभासदांच्या याद्या गोळा कराव्या लागतील, आणि त्या याद्यांत गावाचे नाव बहुधा आडनावाच्या शेजारीच लिहिलेले असते.